गाजराचं शून्य

"सैल! हाही सैल!" चष्मिस ओरडला.

पितळेचा पिस्टन सिलिंडरमध्ये सोडला, तो सटकन तळाला गेला. वास्तविक त्यानं आतली हवा दाबत सावकाश उतरायला हवं होतं. एक नाही, दोन नाही, हा तिसरा पिस्टन वाया!

मामाच्या घरामागच्या खोलीत धातू फिरवून कातायचा एक लेथ होता, भोकं पाडायचं मशीन होतं, आणि कानशी-हातोड्या इतक्या, की पाय ठेवायला जागा नाही. ऑफिसात दिवसभर कागद सरकवायचे आणि उरलेला वेळ इथे लोखंडाशी झटापट करायची, हा मामाचा छंद. सुट्टीत आलेल्या भाच्या, थोरली आणि चिमणी, आणि मामाचा मुलगा चष्मिस, यांनी मिळून मुठीएवढं इंजिन करायला घेतलं होतं. पंपानं हवा भरली की चाक गरगर फिरणार! रविवारी मामाची हौशी मित्रमंडळी ते बघायला येणार होती.

नाजूक कामं मात्र टर्नर आजोबांची. पलीकडच्या गल्लीत राहायचे ते. कारखान्यात चाळीस वर्षं लेथ चालवलेला माणूस! आज तेच तिन्ही पिस्टन हातात घेऊन उभे होते.

"असं होतंय तरी कसं?" मामा वैतागला.

आणि थोरलीचं तोंड सुटलं. तेरा वर्षांची पोर, पण सगळं आपल्यालाच आधी कळतं असा तोरा! "आजोबांचे हात थरथरतात, मामा. मी पाहिलंय!"

"काका," मामा म्हणाला, "राहू द्या आता. वयही झालं तुमचं. शेवटचा तुकडा उद्या मीच करतो."

आजोबांनी अंगातला डगला काढला, नीट घडी घातली आणि लेथवर ठेवला. "बरं," एवढंच म्हणाले. चपला घालताना त्यांनी एकदाही मागे पाहिलं नाही.

थोरलीला वाटलं, आपण नको होतं बोलायला. पण बोलून चुकली होती, आणि मागे फिरायची तिला सवय नव्हती.

दुपारी तिघं पायरीवर बसली. चष्मिस वहीच्या कागदाची पट्टी घेऊन काहीतरी करत होता. पट्टी आणि पिस्टन एकत्र सिलिंडरमध्ये घालून बघत होता.

"ए, हे बघा! पहिल्याला एक पट्टी घातली की घट्ट बसतो. दुसऱ्यालाही एकच. तिसऱ्यालाही!"

"मग?" चिमणी म्हणाली.

"मग काय, डोकं! हात थरथरले असते तर तीन चुका तीन तऱ्हेच्या झाल्या असत्या. या सारख्या कशा? चूक हातात नाही, मापात आहे!"

तिघं धावत खोलीत गेली. मायक्रोमीटर म्हणजे केसाची जाडीसुद्धा मोजणारं माप. दिसायला धनुकलीसारखं, एका टोकाचा खिळा फिरवत पुढे न्यायचा आणि वस्तू मधे धरायची. रोज कामाआधी ते पूर्ण मिटायचं आणि आकडा शून्यावर येतोय ना ते बघायचं. आजोबांच्या कारखान्यात हे काम तपासनिसाचं. तो फळ्यावर खूण करणार आणि टर्नर त्या खुणेवर भरवसा ठेवून कामाला लागणार. पुन्हा तपासणं म्हणजे तपासनिसाचा अपमान. आजोबांनी तीच शिस्त इथेही लावली होती आणि तपासनीस नेमलं होतं मामाला. फळ्यावर रोजची खूण होती: 'शून्य पाहिलं.'

चष्मिसनं माप मिटलं. शून्याच्या दहा रेघा अलीकडेच ते थांबलं! म्हणजे ते दर वेळी जाडी जास्त दाखवणार आणि पिस्टन तेवढाच बारीक कातला जाणार.

"बाबांनी खूण केलीये! आजसुद्धा!"

"पण आत काहीतरी चिकटलंय रे," चिमणीनं वाकून बघितलं. "पातळ पापुद्रा आहे. त्यावर रेघा आहेत, लाकडासारख्या."

थोरलीनं त्या रेघा ओळखल्या.

चार दिवसांपूर्वी इंजिनासाठी लाकडाचा पाट करायचा म्हणून तिनं दोन पट्ट्या गोंदानं चिकटवल्या होत्या. त्या आवळून ठेवायला काहीतरी हवं होतं, आणि ही धनुकली कशी आयती सापडली! सकाळी पट्ट्या निघता निघेनात. तिनं हिसका देऊन काढल्या, माप फडक्यानं पुसलं आणि डबीत ठेवून दिलं. कोणाला काही बोलली नाही.

"बाबांचं वार्निश सांडलं असेल," चष्मिस म्हणाला.

"असेल," थोरली म्हणाली. तिचे कान तापले होते. ती खाली बघत राहिली.

"पण बाबा कबूल नाही व्हायचे. म्हणतील, मी रोज बघतो!"

चिमणीचे डोळे लकाकले. "मग आपण बघू ना, ते काय बघतात ते!"

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा चहाचा कप घेऊन खोलीत आला. दुसऱ्या हातानं डबी उचलली, कानाशी हलवली, आत काहीतरी खडखडलं तशी खाली ठेवली आणि फळ्यावर झोकात खूण केली. मग पितळेचा शेवटचा तुकडा लेथमध्ये अडकवला.

"थांब मामा!" चिमणी दारातूनच किंचाळली. "शून्य पाहिलंस?"

"पाहिलं की! खूण दिसत नाही?"

"बरोबर होतं?"

"एकदम!"

"मग डबी उघड!"

मामानं डबी उघडली. आत एक लालबुंद गाजर होतं.

"गाजराचं शून्य कसं काय, बाबा?" चष्मिसनं साळसूदपणे विचारलं.

मामाचा चेहरा गाजराशी जुळला! चष्मिसनं पुढे केलेलं मायक्रोमीटर बघितलं, कागदाची पट्टी बघितली, आणि तो स्टुलावर मटकन बसला. "अरे देवा! आणि मी काकांना घरी पाठवलं!" मग त्यानं थोरलीच्या पाठीवर थाप मारली. "शाबास गं! माझंच वार्निश असणार. तू मोठी म्हणून हे प्रकरण तडीस नेलंस!"

ती थाप थोरलीला चपराकीसारखी लागली.

सगळे आजोबांच्या घरी गेले. आजोबा खाटेवर बसले होते, दोन्ही हात पांघरुणाखाली. मामानं हात जोडून सगळं सांगितलं, गाजरासकट. आजोबा हसले नाहीत. त्यांच्या सूनबाईंनी चहा आणला. सगळ्यांनी कप उचलले. आजोबांचा कप तसाच राहिला.

"घ्या ना, मामंजी," सूनबाई म्हणाल्या. मग हळूच मामाला म्हणाल्या, "कालपासून असंच चाललंय. कोणासमोर हात बाहेर काढत नाहीत. सारखे बघत बसतात, थरथरतात का म्हणून."

थोरलीला वाटलं, जमीन फाटावी आणि आपण आत जावं. मामा तिच्याकडे कौतुकानं बघत होता. नुसतं गप्प बसलं तरी निभावलं असतं.

"वार्निश नव्हतं ते," ती म्हणाली. "गोंद होता. मी पाट आवळून ठेवला होता त्यात. आणि... आणि आजोबा, तुमचे हात थरथरताना मी कधीच पाहिले नाहीत. उगीच बोलले मी. मला कळतं असं दाखवायला."

चष्मिसनं तोंडाचा चंबू केला.

आजोबांनी तिच्याकडे बघितलं. तिनं मान खाली घातली नाही, फक्त डोळ्यांतलं पाणी थांबेना. मग पांघरुणाखालून त्यांचा हात बाहेर आला. त्यांनी कप उचलला, सगळ्यांदेखत तोंडाला लावला. एक थेंब सांडला नाही.

"गार झालाय," ते म्हणाले. "सूनबाई, दुसरा टाका." आणि थोरलीकडे वळून म्हणाले, "लागलं मला तुझं बोलणं. लागलं नाही असं म्हणणार नाही. पण चाळीस वर्षांत आपली चूक आपल्या पायांनी येऊन सांगणारे मला दोघंच भेटले. तू तिसरी. मी त्यांतला नव्हे बरं का! मीही एकदा लपवली होती."

रविवारी खोलीत उभं राहायला जागा नव्हती. माप साफ करून आजोबांनी केलेला चौथा पिस्टन सिलिंडरमध्ये असा उतरला, जसं लोण्यात बोट! चष्मिसनं पंप मारला आणि चाक फिरू लागलं, टक-टक-टक-टक!

"ही माझी भाची!" मामा एकेका पाहुण्याला सांगत सुटला. "हिनंच शोधून काढलं सगळं!"

"शोधलं चष्मिसनं. आणि केलं होतं मी," थोरली लाल होत म्हणाली. पहिल्या पाहुण्याला सांगितलं, दुसऱ्याला सांगितलं, तिसऱ्याला सांगितलं. दर वेळी कान तसेच तापायचे. चौथा पाहुणा आला तशी तिनं पुन्हा तोंड उघडलं.

"पुरे गं पोरी," लेथपाशी उभे असलेले आजोबा खेकसले, "इंजिन ऐकू दे की आम्हाला!"