रिकाम्या केबिनमधलं बटण

विश्वास ठेवा किंवा सोडून द्या. यात माझ्या पदरचं एक अक्षर नाही. ज्यांच्यावर हे बेतलं ते माझ्या सख्ख्या ताईचे यजमान, आणि भाऊजींना थापा मारता येत नाहीत. आल्या असत्या तर त्यांचा संसार अजून सुखाचा झाला असता!

भाऊजी कॉम्प्युटर दुरुस्त करतात. गेल्या उन्हाळ्यात, भर दुपारी, त्यांना कान तपासायच्या एका दवाखान्यातून बोलावणं आलं.

जागा लहानशी. टेबलावर जुनाट कॉम्प्युटर. समोर काचेची खिडकी असलेली आवाजबंद केबिन. पेशंट आत बसतो, कानांवर हेडफोन, हातात वायरचं बटण. आवाज ऐकू आला की बटण दाबायचं. बाहेर स्क्रीनवर हिरवा ठिपका उमटतो.

तपासणीचं सॉफ्टवेअर त्या जुन्या सिस्टिमशिवाय चालत नव्हतं. आणि कॉम्प्युटर तर सुरू केला की लगेच हँग.

भाऊजींनी बघितलं आणि कपाळावर हात मारला.

"बाई, यात दोन-दोन अँटीव्हायरस आहेत! एका म्यानात दोन तलवारी. दोघं एकमेकांनाच चोर समजून धरतायत."

"नवा मीच टाकून घेतला," दवाखान्याच्या बाई म्हणाल्या. "जुना नानांचा. माझ्या वडिलांचा. ते होते तोवर या कीबोर्डला कोणाला बोट लावू द्यायचे नाहीत. मलासुद्धा नाही."

"मग जुना काढतो."

बाई पटकन पुढे आल्या.

"नवाच काढा ना. नानांचं राहू द्या."

खरं तर बाईंचंच बरोबर होतं. नवा त्या जुन्या सिस्टिमसाठी बनलेलाच नव्हता. पण गिऱ्हाईकाने काम शिकवलेलं भाऊजींना खपत नाही. नाकावर माशी बसू देतील तर शपथ.

"नाना आता थोडेच येणार आहेत बघायला?" ते म्हणाले आणि जुना काढायला घेतला.

स्क्रीनवर पट्टी सरकू लागली...

आणि पंख्याची घरघर थांबली.

भाऊजींनी वर पाहिलं.

पंखा फिरत होता. जोरात.

मग रस्ता गेला. खिडकीबाहेर गाड्या मुकाट्याने धावत होत्या. भाऊजींनी टेबलावर हात आपटला... काहीच नाही. हाताला लागलं तेवढंच.

"बाई, मला ऐकू..."

स्वतःचा आवाजही त्यांना ऐकू आला नाही.

बाईंचं लक्ष त्यांच्याकडे नव्हतंच. त्या पांढऱ्याफटक चेहऱ्याने स्क्रीनकडे बघत होत्या. तपासणीचा तक्ता आपोआप उघडला होता.

त्यावर एक हिरवा ठिपका उमटला.

मग दुसरा...

मग तिसरा...

भाऊजींनी काचेतून आत पाहिलं. रिकामी खुर्ची. तिच्यावर पडलेलं बटण. कोणी नव्हतं. पण त्यांच्या कानांतून जे जे जात होतं, ते आत बसून कोणीतरी ऐकत होतं. याबद्दल त्यांना आजही शंका नाही.

त्यांनी माउसने काम रद्द करायचा प्रयत्न केला. पट्टी थांबेना. घाबरून ते केबिनमध्ये घुसले आणि हेडफोन कानांवर लावला. निदान त्यात तरी काही ऐकू येईल!

आलं.

अगदी जवळून. एका म्हाताऱ्याचा आवाज. चढलेला नाही, पण द्वेषाने भरलेला.

"हात काढ."

भाऊजींनी हेडफोन फेकला, बाहेर आले आणि दोन्ही हात वर करून भिंतीला टेकून उभे राहिले.

पट्टी उलटी सरकू लागली.

पंखा घरघरला. रस्ता परत आला. कॉम्प्युटर झकास चालू झाला. त्यात एकच अँटीव्हायरस होता, नानांचा. नवा कोणी काढला, देव जाणे.

पण भाऊजींना सगळं डाव्या कानानेच ऐकू येत होतं.

बाईंनी तिथल्या तिथे तपासणी केली. उजव्या कानाच्या तक्त्यावर ठिपकेच ठिपके. एकही आवाज चुकला नव्हता.

"अहो, पण मी बटण दाबलंच नाही!"

"दाबल्याशिवाय ठिपका येतो का? नाटकं करू नका." बाई काचेकडे पाठ करून उभ्या होत्या. "कान ठणठणीत आहे तुमचा. निघा आता. आणि परत इथे पाऊल टाकू नका."

त्यानंतर भाऊजी दुसऱ्या दवाखान्यांतही जाऊन आले. मशीन म्हणतं, उजवा कान उत्तम ऐकतो. भाऊजी म्हणतात, ठार बहिरा आहे. दोन्ही खरं असेल तर... त्या कानाने ऐकतंय कोण?

हल्ली त्यांच्या घरी गेलं की मला बसवत नाही. ताई पूर्वी नवऱ्याच्या उजव्या हाताला बसायची, आता बसत नाही. परवा भाऊजी पेपर वाचत असताना मी तिला विचारलंच, "ताई, त्या नानांचं पुढे..."

तिने झटकन माझ्या तोंडावर हात ठेवला.

आणि मला हाताला धरून ओढत त्यांच्या डाव्या बाजूला नेलं.