मुद्दाम केलेली चूक

चंद्रावरच्या वसाहतीत चाफ्याची दोनच रोपं होती, आणि त्यातलं एक भरपूर पाणी मिळूनही सुकत चाललं होतं. माती ओलीचिंब, पानं मात्र पिवळी.

दहा वर्षांची शाल्मली कुंडीपुढे बसून होती. रोपांना पाणी घालायचा 'झारी' हा यंत्रमानव, आणि त्याचा प्रोग्रॅम तिनेच लिहिलेला. मातीतला ओलावा मोजायचा, माती कोरडी असेल तरच पाणी द्यायचं, एवढं साधं काम. उद्या ती आणि तिचे आजोबा, म्हणजे नाना, महिनाभर पृथ्वीवर जाणार होते. रोपं झारीच्या हवाली करायची होती. महिन्याने परत यावं आणि दुसरंही रोप गेलेलं दिसावं, हे तिला मुळीच नको होतं.

नाना वनस्पतिशास्त्रज्ञ. ही रोपं त्यांनीच पृथ्वीवरून मांडीवर घेऊन आणली होती. त्यांनी मातीत बोट खुपसलं. "मुळं कुजायला लागलीत गं. प्रोग्रॅम तपासलास?"

"तपासला ना. एडिटरमध्ये (प्रोग्रॅम जिथे लिहितो ती खिडकी) लिंटरचं प्लगइनही (वरून बसवायचा छोटा जोड) टाकलंय. चूक असती तर लाल रेघ आली असती. सगळं शांत आहे, तुमच्या कड्यासारखं."

नानांच्या मनगटावर डॉक्टरांनी दिलेलं कडं होतं. हृदयाचा ठोका चुकला की ते वाजायचं. कित्येक महिन्यांत ते वाजलं नव्हतं, आणि नाना हे भेटेल त्याला ऐटीत सांगत.

"असं कर," नाना म्हणाले, "मुद्दाम एक चूक कर."

शाल्मलीने एक कंस पुसला. रेघ आली नाही. तिचा चेहरा पडला.

"लिंटर म्हणजे तपासनीस. प्रोग्रॅम न चालवता, नुसता वाचून तो खटकणाऱ्या जागा दाखवतो," नाना शेजारी बसले. "पण प्लगइन म्हणजे लिंटर नव्हे. ते फक्त निरोप्या. तू लिहिलेलं तिकडे नेतं, शेरे इकडे आणतं. तू दाराला बेल बसवलीस, घरात माणूसच नाही."

मग तिने खुद्द लिंटर संगणकावर उतरवून घेतला. तरी सामसूम. तो कुठे ठेवलाय, हे प्लगइनला कोण सांगणार? तिने सेटिंगमध्ये त्याचा पत्ता भरला, आणि पुसलेल्या कंसाच्या जागी लालभडक रेघ उमटली. चूक दिसल्यावर इतका आनंद झालेली मुलगी वसाहतीने पाहिली नसेल.

कंस परत घातला, लाल रेघ गेली. पण वर एक पिवळी रेघ उरली. शेरा होता: 'ओलावा साठवला आहे, पुढे कुठेही वापरलेला नाही.'

शाल्मलीने कपाळावर हात मारला. झारी रोज इमानेइतबारे ओलावा मोजत होता. पण पुढची ओळ तिने जुन्या प्रोग्रॅममधून उचललेली होती: सकाळ झाली की पाणी घाल. ओलाव्याला कुणी विचारतच नव्हतं.

"चाफ्याला किती पाणी लागतं, हे लिंटरला कळत नाही," नाना म्हणाले. "मोजलेलं वापरलं नाही, एवढंच त्याला खटकलं. बाकीचं डोकं आपण चालवायचं."

तिने ओळ बदलली आणि झारीला चालू केलं. त्याने पहिल्या कुंडीतली माती चाचपली, पाणी न घालता तो मागे फिरला. शाल्मलीने सुटकेचा निःश्वास टाकला.

मग ती नानांच्या मनगटाकडे बघत राहिली.

"नाना, तुमचं कडं वाजवून पाहिलंय कधी?"

नाना हसले. "अगं, ते गप्प आहे म्हणजे..." आणि मध्येच थांबले. त्यांनी कड्याच्या कडेचं चाचणीचं बटण दाबलं, पुन्हा दाबलं. कडं मुकं. बॅटरी कधी संपली होती कुणास ठाऊक.

शाल्मलीने कडं काढून चार्जिंगला लावलं आणि नानांचा हात घट्ट धरून बसली. तासाभराने तिने बटण दाबलं, तेव्हा ते खणखणीत वाजलं. नानांनी मुकाट्याने मनगट पुढे केलं. आता जपायला तीन जण होते, दोन चाफे आणि नाना, आणि तिघांकडेही कुणीतरी खरोखर बघत होतं.