अस्तराखालची सही

खळमास्तर हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. चार पिढ्यांचा वह्या-रजिस्टरं बांधायचा धंदा, हाताला सदा खळ चिकटलेली, म्हणून लोकांनी ठेवलेलं. गडी मोठा ठाम. "कागद आपल्याशी खोटं बोलायचा नाही," असं छातीठोक सांगायचे.

त्या दुपारी ते कचेरीच्या तळघरातल्या दप्तरखान्यात गेले ते डॉक्टरांच्या एका प्रश्नापायी. मास्तरांचे हात बावन्नाव्या वर्षापासून, गेली नऊ वर्षं, थरथरत होते. वडिलांचं तेच, आजोबांचं तेच. आता एकुलत्या एका लेकीनं दुकान हाती घेतलेलं. डॉक्टर म्हणाले, "पणजोबांनाही होतं का, तेवढं शोधा. नसेल, तर हे रक्तातलं नसून मागाहून धंद्यात आलेल्या कशाचं असू शकतं; मग पोरीची काळजी बरीच कमी."

पणजोबा १९०१ साली गेले, एवढंच घरात ठाऊक. फोटो नाही, चिठ्ठीचपाटी नाही. पण बाइंडरांची एक रीत असते. पुठ्ठ्यावर आतून अस्तराचा कागद डकवण्याआधी खाली आपलं नाव आणि साल लिहायचं. ते दिसतं फक्त पुढच्या बाइंडरला, वही उकलेल तेव्हा. आणि कचेरीची झाडून सगळी रजिस्टरं याच घराण्यानं बांधलेली. मग घोडं अडतंय कुठं?

"मास्तर, काही फाटलं तर माझी नोकरी जाईल हं," दप्तर सांभाळणाऱ्या बाई म्हणाल्या.

"बाई, माझे हात हलतात, डोकं नाही."

ओलं फडकं ठेवायचं, कागद फुगू द्यायचा, मग बोथट सुरीनं अलगद उचलायचा. १८६८चं रजिस्टर उकललं. पणजोबांची सही, टपोरी, ठसठशीत. १८८१. तशीच. १८९७, म्हणजे वय बासष्ट. एक रेघ म्हणून हललेली नाही! मास्तरांचा आनंद पोटात मावेना. त्यांनी तिथूनच लेकीला फोन लावला. "बाळा, निर्धास्त राहा! म्हातारा शेवटपर्यंत ठणठणीत!"

"मी म्हणत नव्हते? उगाच जिवाला घोर," ती हसली.

तिथंच उठायला हवं होतं. पण आलोच आहोत तर आजोबांचाही हात बघू, म्हणून त्यांनी १९३२चं रजिस्टर ओढलं. तेव्हा हात थरथरून आजोबांना धड चहाचा घोटही घेता येत नव्हता. अस्तर सुटलं.

खाली पणजोबांची सही होती. टपोरी, ठसठशीत. साल १९३२.

"कुणीतरी चेष्टा केली असेल," बाई म्हणाल्या. पण त्या जरा मागे सरकल्या.

१९७०. वडिलांचं काम. पुन्हा तीच सही... मास्तरांनी सात वर्षांपूर्वीचं, स्वतः बांधलेलं रजिस्टर काढलं. त्यावर स्वतःचं नाव वाकडंतिकडं लिहिताना त्यांना रडू आलं होतं, ते पक्कं आठवत होतं. कागद उचलला. त्यांचं नाव कुठंच नव्हतं. पणजोबांची सही तेवढी, झोकात.

तळघरात ताज्या खळीचा वास दाटला, कीड लागू नये म्हणून मोरचूद घातलेल्या आंबूस खळीचा. दुकानात मोरचूद घालणं बंद होऊन चाळीस वर्षं झाली होती.

"तुम्ही खळ आणलीत?" बाईंनी हळूच विचारलं.

"नाही..."

एवढ्यात फोन वाजला. लेक होती. आवाज अगदी खुशीतला.

"बाबा, मघाशी एक आजोबा आले होते. आपल्यातलेच म्हणाले. माझं काम बघून म्हणाले, हात चांगला आहे तुझा. अस्तराखाली सही कशी करायची ते शिकवलं, माझा हात हातात धरून. काय सुरेख वळण!"

"त्यांना बाहेर काढ. आत्ताच्या आत्ता. ऐकतेस ना?"

"अहो, ते केव्हाच गेले. पण बाबा..." तिचा आवाज बारीक झाला. "हात अजून कुणी धरलाय असं वाटतंय... सुटत नाहीये..."

समोर बाई मास्तरांकडे टक लावून बघत होत्या.

"मास्तर," त्या कुजबुजल्या, "तुमचा हात बघा."

फोन धरलेला तो हात, कुणी इतके दिवस धरून ठेवलेला सोडून द्यावा तसा, नऊ वर्षांत पहिल्यांदा, जराही हलत नव्हता.