काठावरची पिवळी खुंटी

वैजयंती आणि जोतिरामची पहिली भेट झाली ती शेळीच्या तोंडातून टेप ओढताना. एक टोक तिच्या हातात, दुसरं शेळीच्या दातांत, आणि मागून धावत येणारा घोंगडीवाला तरुण.

"वडू नगा म्याडम! लई हट्टी हाय ती."

"मग मोजणीचा टेप तिला देऊन टाकू?"

"द्या की. त्यो न्यायला तरी परत याल..."

ती हसली नाही. हसू आलं ते स्कूटीवर बसल्यावर, आणि पार जुळे सोलापूरपर्यंत पुरलं.

मंद्रूपपलीकडच्या त्या तलावाचा काठ लाटांनी किती खचतो, हे मोजायला पाटबंधारे खात्याच्या कचेरीने तिला कंत्राटावर घेतलं होतं. काठापासून पाच पावलांवर तिने पिवळी खुंटी ठोकली. दर सोमवारी येऊन अंतर मोजायचं, एवढंच काम. खुंटीमागे एक बाभळ होती आणि तिच्याही मागे लांबवर जोतिरामचं पाल होतं. त्याच्या आईला, मायाक्काला, तिने सांगूनच ठेवलं होतं, "काठ खचायला लागला की मी सांगेन, मावशी. तोवर खुशाल राहा."

चार सोमवार गेले. अंतर पाचचं पाचच राहिलं, चहा मात्र एका कपावरून दोनांवर गेला.

पाचव्या सोमवारी दुपारी वारं असं सुटलं, की स्कूटी हातात राहीना. अख्ख्या तलावाचं पाणी वाऱ्याने याच काठावर लोटलं होतं. लाटा मातीवर आदळत होत्या आणि खालून धप्... धप् असा ढेकळं कोसळल्याचा आवाज येत होता. वैजयंतीने घाईघाईने टेप लावला. अंतर तेच, पाच पावलं!

मग तिचं लक्ष बाभळीकडे गेलं. पहिल्या दिवशी ही बाभळ खुंटीच्या मागे होती. आज ती खुंटीच्या पुढे होती, मुळं उघडी पडून पाण्यावर झुकलेली. चार आठवडे वैजयंतीने पाहिलं ते खुंटीकडे आणि — खोटं कशाला बोला — जोतिरामकडे.

"जोतिराम... खुंटी कोणी हलवली?"

तो लाजला. "म्याच. काठ ढासळला की ती पडाया येती. ग्येली तर सायेब तुमास्नी बोलतील, दुसऱ्या कुनाला धाडतील... म्हनून दर सोमवारी, तुमी यायच्या आत, पाच पावलं मोजून मागं ठोकतो."

तिने वळून पाहिलं. खुंटी आता पालाच्या दोराला टेकली होती. आणि पालामागून जमिनीला एक लांब भेग गेली होती.

"मावशी, बाहेर या!"

मायाक्का आत नुकत्याच व्यालेल्या मेंढीपाशी बसली होती. "पिल्लू वलं हाय, बाय. आन तूच म्हनालीस की, खुशाल ऱ्हावा."

वैजयंतीला रडूच फुटलं. तिने पिल्लू उचललं, मेंढी ओरडत मागे निघाली. जोतिरामने आईला पाठीवर घेतलं, भेगेपलीकडे उतरवलं आणि तो पुन्हा वळला.

"तुमची खुंटी—"

"मरू दे ती खुंटी! थांब!" तिने त्याची घोंगडी गच्च धरली.

समोरची जमीन खाली बसली. पाल, बाभळ, खुंटी, सगळं गढूळ पाण्यात गेलं.

माळावर पोचल्यावर वैजयंतीने पिल्लू मेंढीपाशी ठेवलं.

"माजं चुकलं," तो म्हणाला. "तुमी येनं बंद व्हईल, ह्येचंच भ्या वाटायचं."

"मलाही वाटायचं," ती म्हणाली. "काठ खचला म्हटलं असतं, तर तुम्ही पाल उचलून निघून गेला असता. म्हणून मी दुसरीकडे कुठं पाहिलंच नाही... मावशी आत होत्या, जोतिराम."

तिने पिशवीतून दुसरी खुंटी काढली आणि दगडाने माळावर ठोकली.

"ही हलवायची नाही. पाणी आलं तर येऊ दे, पडली तर पडू दे."

"आन मंग तुमी?"

"मी काय खुंटीसाठी येत होते?"