आईच्या डोळ्यातली खिडकी

आधीच सांगते, मला भुताखेतांच्या गोष्टींची हौस नाही. दिवसभर राबून घरी आल्यावर माणसाला झोप हवी असते, भीती नको असते. तरी हे लिहितेय, कारण हे घडलंय. माझ्याच घरात घडलंय. चित्रांच्या तिन्ही वह्या तारखांसकट माझ्या कपाटात आहेत. कुणाला खोटं वाटत असेल तर खुशाल येऊन बघा.

फक्त सकाळी या. संध्याकाळी माझ्यात बोलायचंही त्राण नसतं.

मला पहिल्यांदा कळलं तो मंगळवार होता. सकाळचे सात वाजून दहा मिनिटं. अमावस्या नव्हती, लाइट गेले नव्हते, कुठे कुत्रंही रडत नव्हतं. स्वच्छ उजेड होता. तिसऱ्या मजल्यावरची आमची बाहेरची खोली, आणि समोर खुर्चीत आई.

थोडं मागचं सांगावं लागेल.

मी एका लॅबमध्ये रिपोर्ट टाइप करते. दिवसभर दुसऱ्यांची साखर, दुसऱ्यांचं हिमोग्लोबिन. अकरा वर्षं झाली. घरी आई आणि मी, दोघीच. दोन वर्षांपूर्वी आईची डावी बाजू गेली. बोलणं शाबूत आहे, डोकं माझ्यापेक्षा तल्लख आहे, पण उठायला-बसायला हात लागतो. दादा परगावी असतो. दर रविवारी फोन करून सांगतो, "आईला डोळ्यांत तेल घालून जप गं." सांगायला काय जातं त्याचं!

आईची आंघोळ, गोळ्या, जेवण, पुन्हा गोळ्या. मी सगळं करत होते. पण खरं सांगू? मी आईकडे बघत नव्हते. गोळ्यांच्या पाकिटाकडे बघायचे, घड्याळाकडे बघायचे. आई म्हणजे सकाळी आठच्या आत उरकायचं एक काम झालं होतं. लिहिताना लाज वाटते, पण असंच होतं.

अशात लॅबमधल्या मैत्रिणीने मला एका ग्रुपमध्ये घातलं. शंभर दिवस, एक चेहरा. एक निवृत्त ड्रॉइंग शिक्षक तो ग्रुप चालवायचे. सगळे त्यांना नुसतं सर म्हणायचे. नियम मोजके होते. एकच माणूस निवडायचा. रोज अर्धा तास त्याला समोर बसवून काढायचं, फोटोवरून नाही. खाडा करायचा नाही. खोडरबर हातात धरायचा नाही.

आणि सर रोज एक वाक्य लिहायचे. "जे दिसतंय ते काढा. जे माहीत आहे ते काढू नका."

रोज अर्धा तास माझ्यासमोर कोण बसणार?

"मला बसव," आई म्हणाली. "मी कुठे पळून जातेय!"

ठरलं. पावणेसात ते सव्वासात. आईची खुर्ची खिडकीकडे तोंड करून. माझं स्टूल तिच्यासमोर, खिडकीला पाठ करून. खोली एवढीशी, त्यामुळे माझ्या पाठीमागे जेमतेम एक हात जागा राहायची. मग खिडकी. खिडकीला गज. आणि खाली तीन मजले.

पहिल्या दहा दिवसांतली आई म्हणजे बटाट्याला केस. आईने वही हातात घेतली, लांब धरली, जवळ धरली आणि म्हणाली, "ही मी नाही. ही तुझी आत्या आहे."

कितीतरी दिवसांनी आम्ही दोघी हसलो.

मग हळूहळू हात बसायला लागला. आईची उजवी भुवई डावीपेक्षा वर आहे, हे मला अठ्ठेचाळिसाव्या वर्षी कळलं. बोलायच्या आधी ती खालचा ओठ किंचित आत घेते, तेही. आईही रोज साडेसहालाच केस विंचरून तयार असायची. "आज नीट बघ हं," म्हणायची. ती अर्धा तास खूश असायची, आणि मीही. तो अर्धा तास गेला तर आमच्यात पुन्हा फक्त गोळ्या उरतील, हे मला माहीत होतं. म्हणून कितीही जीव मेटाकुटीला आला तरी मी खाडा केला नाही.

आता डोळ्यांविषयी सांगते, कारण सगळं तिथेच घडलं.

डोळा काढताना बुबुळावर एक पांढरा ठिपका सोडतात. सर म्हणायचे, तो ठिपका म्हणजे समोरची खिडकी. तो आहे म्हणून डोळा जिवंत वाटतो. एक्कावन्नाव्या दिवसापासून आम्हाला जलरंग घ्यायला सांगितले. त्यात पांढरा रंग लावायचा नाही. तेवढा कागद कोरा ठेवायचा. आणि त्याच आठवड्यात सरांनी गृहपाठ दिला. पूर्ण पानावर फक्त डोळे. मोठे काढा.

मोठे काढायचे म्हणून मी स्टूल पुढे ओढलं. आईच्या गुडघ्याला माझा गुडघा लागेल इतकं.

तेव्हा त्या ठिपक्यात सगळं दिसायला लागलं. खिडकीची चौकट. गज. आणि खालच्या बाजूला एक काळं ढेकूळ. ते माझंच डोकं होतं! मला गंमत वाटली. मी ते जसंच्या तसं काढलं आणि ग्रुपवर टाकलं.

दुसऱ्या दिवशीही काढलं. मग रोजच.

तो मंगळवार होता. अठ्ठावन्नावा दिवस. चित्र सात वाजताच आटोपलं होतं. फोटो पाठवला आणि रंगाचं पाणी ओतायला उठले, तेवढ्यात सरांचा मेसेज आला.

"निरीक्षण छान. खिडकीसमोर तुम्ही बसलेल्या दिसता. पण तुमच्या शेजारी... उभं कोण आहे?"

मी वही उचलली.

चौकट. गज. माझं डोकं. आणि डाव्या कडेला, माझ्या डोक्याच्या वर... आणखी एक डोकं. खाली अरुंद खांदे.

मीच काढलं होतं. माझ्याच ब्रशने. काढताना मला ते कोण आहे, काय आहे, काही वाटलंच नव्हतं. दिसलं, काढलं. सरांनी तेच तर शिकवलं होतं.

मी वळून बघितलं.

एक हात जागा. खिडकी. गज. कुणी नाही.

आता तुम्ही म्हणाल, दमलेल्या बाईच्या हाताची चूक. मीही तेच म्हटलं. मी आधीची पानं भिंगाने बघितली. पन्नासपर्यंत पेन्सिलचे बारीक ठिपके, त्यात काय कळणार! पण त्रेपन्नाव्या दिवशी खिडकीच्या अगदी कडेला एक काळी रेघ होती. चोपन्नाव्या दिवशी ती जाड झाली होती. पंचावन्नला तिला खांदा आला होता.

रोज थोडं आत.

त्या संध्याकाळी मी आईच्या डोळ्यांचा फोनवर अगदी जवळून फोटो काढला. मोठा करून बघितला. ट्यूबलाइट, आणि फोन धरलेली मी. बस. दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीच्या उजेडात पुन्हा काढला. तरी मी एकटीच.

सरांना कळवलं. त्यांनी लिहिलं, "हाताला सवय लागते. उद्या फोटोतलं डोक्यात ठेवून काढा." पहिल्यांदाच ते म्हणाले, जे माहीत आहे ते काढा. मला हायसं वाटलं.

पण समोर बसल्यावर तसं जमेना. आईच्या डोळ्यात जे होतं, ते होतं.

आणि मग आवाज...

म्हणजे आवाज नव्हे. आवाज कमी व्हायचा. आमच्या खिडकीखाली सकाळी रस्ता जागा होतो. शाळेच्या बस, हॉर्न, कचऱ्याची गाडी. मी ब्रश हातात घेतला की डाव्या कानाला ते सगळं एकदम लांब गेल्यासारखं वाटायचं. खिडकीसमोर कुणी येऊन उभं राहिलं की होतं ना, तसं. उजव्या कानाला मात्र स्वयंपाकघरातला गळका नळ स्वच्छ ऐकू यायचा.

टप्.

टप्.

मी ब्रश ठेवला की रस्ता परत.

मी थांबायला हवं होतं, कळतंय. पण आई साडेसहाला तयार होऊन बसायची. तिला काय सांगणार? मी मुकाट्याने काढत राहिले. खरं तर त्या दिवसांत घाबरायलाही अंगात बळ नव्हतं. लॅबमधल्या दोघी रजेवर होत्या, त्यांचं काम माझ्या डोक्यावर होतं. मनाशी म्हटलं, उभं आहे तर असू दे उभं. निदान काही मागत तर नाही.

एकोणसत्तराव्या दिवशी ते डोकं माझ्या डोक्याएवढं झालं.

सत्तराव्या दिवशी माझ्यापेक्षा मोठं.

मला अर्थ लागायला वेळ लागला. मागच्या माणसाचं डोकं पुढच्यापेक्षा मोठं कसं दिसेल? तेव्हाच, जेव्हा ते मागे नसेल.

ते आता माझ्या आणि आईच्या मध्ये होतं.

माझा गुडघा आईच्या गुडघ्याला लागलेला. आमच्या दोघींत वीतभर अंतर. मला आईचा चेहरा सगळा दिसत होता, एकेक सुरकुती. मध्ये काही नव्हतं. फक्त तिच्या डोळ्यात होतं.

शहात्तराव्या दिवशी मी बसले, आणि ठिपका सापडेना. दोन्ही डोळ्यांत नाही. बाहेर लख्ख उजेड, आईचे केस चमकतायत, नाकाच्या शेंड्यावर उजेड आहे... आणि डोळे काळे. नुसते काळे. जे दिसलं ते मी रंगवलं. कोरा कागद कुठेच ठेवला नाही.

फोटो टाकला, आणि अर्ध्या मिनिटात सरांचं उत्तर आलं. "डोळे मेलेत. काय झालं?"

मी काही टाइप करणार, तोच आई बोलली. अगदी साध्या आवाजात. पंखा कमी कर म्हणावं, तशी.

"अगं, तिला जरा बाजूला हो म्हण ना. उजेड अडवते."

मी फोन खाली ठेवला.

"कुणाला?"

"तुझ्या मैत्रिणीला. इतके दिवस मागे उभी राहायची तेव्हा ठीक होतं. म्हटलं, शिकायला येत असेल तुझ्याकडे. पण आता अगदी तोंडावर वाकते. बोलत तर काहीच नाही."

"कशी आहे ती, आई?"

आईने खालचा ओठ आत घेतला. विचार केला.

"दमलेली आहे गं. तुझ्यासारखीच."

मी वही मिटली. पाणी सांडलं, ते पुसलंही नाही. आईला खुर्चीसकट ओढत आतल्या खोलीत नेलं आणि दार लावून घेतलं. त्या दिवशी मी अकरा वर्षांत पहिल्यांदा न कळवता रजा घेतली.

पुढे काय झालं, म्हणाल तर काहीच नाही. आईचे डोळे तपासले, उत्तम आहेत. घरमालकांना विचारलं, आमच्या आधी इथे कोण राहायचं? एक जोडपं होतं, दोघं मजेत दुसरीकडे राहतात. सरांना मी सगळं लिहून पाठवलं. त्यांनी वाचलं. उत्तर आलं नाही. आठवडाभराने त्यांनी ग्रुपच बंद केला. इतर कुणाला असं काही दिसलं होतं का, ते मला कधीच कळलं नाही.

मी परत ब्रश हातात घेतला नाही. आईची खुर्ची बाहेरच्या खोलीत परत आणली, पण खिडकीला पाठ करून ठेवली.

या गोष्टीला आता आठ महिने होतील. आईची आंघोळ, गोळ्या, जेवण, पुन्हा गोळ्या. सगळं वेळेवर. फक्त मी तिच्या डोळ्यांत बघत नाही. बोलताना कपाळाकडे बघते, नाहीतर कानाकडे. मला भीती वाटते. खिडकी दिसेल की काळं दिसेल, याची. रविवारी दादाने विचारलंच, "आई म्हणते तू तिच्याकडे बघत नाहीस. भांडलात का?" काय सांगू त्याला?

पहिले काही महिने आई रोज साडेसहाला केस विंचरून बसायची. "आज नाही का काढायचं?" मी म्हणायचे, आज दमलेय. मग तिने विचारणं सोडलं. एकदा फक्त म्हणाली, "माझं काही चुकलं का गं?" मी बाथरूममध्ये जाऊन रडले.

काल सकाळी तिला गोळी देत होते. आई पुन्हा खिडकीकडे तोंड करून बसली होती. खुर्ची तिने स्वतः एका हाताने कशी फिरवली, देव जाणे. केस विंचरलेले होते.

मी तिच्या कपाळाकडे बघत विचारलं, "इथे का बसलीस?"

"बसते जरा."

रस्त्याचा आवाज येत नव्हता. मी लक्ष दिलं नाही. म्हणजे, द्यायचं नाही असं ठरवलं.

"तू काळजी करू नकोस," आई हळूच म्हणाली. "तुला वेळ नसतो, कळतं मला. ती येते रोज. समोर बसून बघते माझ्याकडे. अर्धा तास. अगदी नीट बघते गं."

मग तिने गोळी गिळली, पेला माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "बरं वाटतं."

आठ वाजत आले होते. मी पेला विसळून ठेवला आणि कामाला निघाले.