हिंदुरावांनी बसवलेले पॅड

शर्यतीच्या गाड्यांना साधे ब्रेक आता कुणी लावत नव्हतं. डोळ्यांना धोका दिसून पाय पेडलवर पोचेपर्यंत होत्याचं नव्हतं होई. म्हणून 'भयग्राही' पॅड आले. चाकाची चकती आवळणारा हा तुकडा पहिल्या फेऱ्यांत चालवणाऱ्याची भीती शिके. कुठल्या वळणावर, किती वेगाला त्याच्या पोटात गोळा येतो, ते सगळं! तापून एकदा भाजला, की शिकलेलं पक्कं. मग पाय हलायच्या आधीच ब्रेक लागे. झिजले की जुने फेकायचे आणि नव्यांना पुन्हा शिकवायचं.

ज्याची गाडी त्यानंच शिकवायचं, असा नियम होता. पण कोल्हापूरच्या हिंदुराव चौगुले मिस्त्रींची रीत जुनी. स्वतः फेऱ्या मारून, नवे पॅड दाबून, तापवून चकतीवर बसवल्याशिवाय गाडी गिऱ्हाइकाला द्यायची नाही. आणि ही गाडी तर पोटच्या पोरीची, शलाकाची!

"आबा, फेऱ्या मलाच मारू दे की," शर्यतीच्या आदल्या दिवशी शलाका म्हणाली.

"दमलीयास, गुमान झोप जा. पॅडला काय कळतंय पाय कुणाचा ते!"

दुसऱ्या दिवशी मोठ्या वळणावर, समोर रस्ता मोकळा असताना, शलाकाच्या गाडीला करकचून ब्रेक लागला. मागची गाडी येऊन आदळली. पोर जागीच गेली.

तेरावं उरकून हिंदुराव पॅडचे तुकडे घेऊन डॉ. वैजयंती गुर्जरांच्या प्रयोगशाळेत आले. हे पॅड म्हणजे बाईंचाच शोध.

"बाई, माल खराब निघाला न्हवं?"

बाईंनी तुकडे यंत्राला जोडले. पडद्यावरच्या नोंदी एकेक करून तपासल्या.

"नाही काका. शिकवलं तेच त्यांनी केलं."

"मग पोरगी भ्याली म्हणायची?"

"तिच्या मनगटावरच्या पट्ट्यात नाडीची नोंद आहे. ती अगदी शांत होती." बाईंनी एक तुकडा हातात घेतला. "पॅड कुणी बसवले?"

"मीच की. त्या वळणाला उगंच मनात यायचं, पोर हितनं एवढ्या वेगानं जाणार. पाय आपसूक दाबला जायचा."

"तेच शिकले ते."

बाईंनी तुकडे त्यांच्यापुढं ठेवले. "तिला शेवटपर्यंत भीती वाटली नाही, एवढं तरी समाधान माना."

हिंदुरावांनी तुकडे दूर सारले.

"कसलं समाधान, बाई! सोताच्या भीतीनं गेली असती तर दैव म्हणून सोसलं असतं. माझ्या मायेनं मेली हो ती!"