आबांच्या कागदांत नसलेल्या ओळी

विश्वास ठेवावा की नाही, ते तुम्हीच ठरवा. पण हे घडलं आहे. मालवणात, १९५९च्या दिवाळीआधी... आणि भर दुपारी.

प्रेमलता शाळेत शिकवायची. तिचे लवूकाका मोडी जाणत. काका मोठ्याने वाचत आणि ती मान खाली घालून बाळबोधीत उतरवून घेई. कागद होते तिच्या वारलेल्या वडिलांचे, आबांचे: बेचाळीसच्या चळवळीच्या आठवणी. मुंबईत त्यांचं पुस्तक निघणार होतं. नक्कल संध्याकाळच्या टपालाने जायची होती.

"आबांचा अक्षर म्हणजे रेवेत कुर्ल्यो धावल्यो!" काका कुरकुरले. वाळूत खेकडे धावावेत तसंच होतं ते अक्षर.

बाहेर ओटीवर, भिंतीआड खतिजा बसली होती. तिचा नवरा मुस्तफा होडीवाला. त्या चळवळीत फरारी कार्यकर्त्यांना गोव्याकडे पोचवायला गेला, तो परतलाच नाही. सारा गाव त्याला फितूर म्हणे. आता पुस्तकातही तेच येणार का, एवढंच तिला ऐकायचं होतं.

काकांनी वाचलं, "मुस्तफा तांडेल त्या रात्री होडी घेऊन गेला. तो पुन्हा दिसला नाही."

प्रेमलता मान खाली घालूनच लिहीत होती.

मग आवाज पुढे आला. "त्याने दोघांना सुखरूप उतरवले. परतताना होडी खडकावर फुटली. तो फितूर नव्हता."

प्रेमलताने लिहिलं.

पुढे काहीच नाही...

"काकांनू, थांबलास कित्याक? वाचा मां फुडे!" ओटीवरून खतिजाचा कापरा आवाज आला.

प्रेमलताने मान वर केली.

समोरचा पाट रिकामा होता.

काका मागीलदारातून तांब्या घेऊन आत येत होते.

"मी तर पाणी पिऊक गेललंय. कोणाचा आयकून लिवलंस गो?"

दोघांनी मूळ कागद पाहिला. "तो पुन्हा दिसला नाही." पान तिथेच संपत होतं. खाली कोरं.

"खोड ता," काका म्हणाले. "मुळात नाय ता लिवचा नाय."

खतिजा दारात आली होती. "खोडा. पण आवाज आबांचो होतो. तेवा माका काकाच वाचतत असा वाटला, पण आता वळखाक येता."

प्रेमलताला खोडवेना. आधी ताडून पाहू, म्हणाली. रीतच होती तशी. एकाने नक्कल वाचायची, मूळ धरणाऱ्याने ओळीओळीला हुंकार द्यायचा.

वाचता वाचता ती त्या जागी आली. काकांचं बोट कोऱ्या कागदावर थांबलं. ओठ घट्ट मिटलेले.

"तो फितूर नव्हता," तिने वाचलं.

"हूं..."

काकांच्या अगदी शेजारून.

खतिजा उंबरा ओलांडून आत आली. काकांनी नकलेखाली लिहिलं, 'मुळाबरहुकूम', आणि सही केली.

त्यानंतर काकांनी मोडी कधी मोठ्याने वाचली नाही. कोणी आग्रह केला की बाजूच्या रिकाम्या जागेकडे बघत आणि हळूच म्हणत,

"वाचीन रे. पण हूं कोण म्हणतलो?"